माकडांत आत्या नसते

“माकडांत आत्या नसते,” असे मी मामांना सांगितले तेव्हा ते कोबी चिरत होते. त्यांनी सुरी थांबवली नाही.

“कोण म्हणतं?”

“पुस्तकं म्हणतात. जंगलात वर्षानुवर्षं बसून बघितलेली माणसं म्हणतात.”

“मग ती टायरवर बसलीय ती कोण?”

टायरवर बसलेली माकडीण मान वाकडी करून शेजारणीच्या हातातला उकडलेला बटाटा तपासत होती. मग तिने तो काढून घेतला, हुंगला आणि परत दिला. आत्या हे नाव तिला मामांनीच ठेवले होते, बारा वर्षांपूर्वी, ती दोन वर्षांची असताना.

“माझी आत्या अगदी अशी,” मामा म्हणाले. “घरात शिरली की आधी भांड्यांवरची झाकणं उघडून बघायची. मग सगळ्याला नावं ठेवायची. मग घरातलं सगळ्यात लहान मूल उचलायची, आणि ते कितीही रडलं तरी खाली ठेवायची नाही.”

मामा म्हणजे माकडांच्या आवाराची देखभाल करणारे गृहस्थ. फाटकावरचा माणूस त्यांच्याहून वयाने मोठा, पण तोही त्यांना मामाच म्हणायचा. मी तिथे चार महिन्यांपूर्वी लागले होते. माझे काम नोंदींचे. रोज सहा तास मचाणावर बसायचे आणि दर दोन मिनिटांनी एकतीस माकडांपैकी कोण काय करते आहे ते वहीत लिहायचे. म्हणून मामा मला वहीबाई म्हणत.

मी त्यांना आत्या का नसते ते समजावले. या जातीच्या माकडांत मुली जन्मभर आईच्या कळपात राहतात. मुलगे वयात आले की कळप सोडून दुसरीकडे जातात. त्यामुळे पिल्लाच्या भोवती आई, आजी, मावश्या असतात. बाप बाहेरून आलेला असतो. त्याच्या बहिणी त्याच्या जुन्या कळपात, कुठल्या तरी दुसऱ्याच टेकडीवर. शिवाय बाप नक्की कोणता हेही कुणाला सांगता येत नाही.

“आणि मामा?”

“मामा असतो. पण मोठा झाला की निघून जातो.”

“मी एकवीस वर्षं इथंच आहे,” त्यांनी कोबीचा दांडा बादलीत टाकला. “आणि ही पोरं तरी जाणार कुठं? चारी बाजूंनी भिंत आहे की गं.”

पुस्तकातला नियम जंगलाचा होता. आमच्या आवारात बारा फुटी भिंत होती, आणि तिच्या आत मुलगेही जन्मभर आईच्या कळपातच राहत होते. म्हणजे इथे आत्या असू शकत होती. एवढी साधी गोष्ट पदवी घेतलेल्या माणसाला भिंतीकडे रोज बघून सुचली नव्हती.

त्याच आठवड्यात ठिपकी गेली. तिच्या गालाखाली ठिपका होता म्हणून ठिपकी. दाताच्या मुळाशी झालेला पू जबड्यात पसरला होता. डॉक्टरांनी मंगळवारी सकाळी शस्त्रक्रिया केली आणि ती भुलीतून उठलीच नाही. तिची पाच महिन्यांची मुलगी, कणी, तेव्हा शेजारच्या टोपलीत एका जाड टॉवेलला चारी हातापायांनी धरून बसली होती. टॉवेल सैल केला की किंचाळायची. वजन आठशे चाळीस ग्रॅम.

आमच्या डॉक्टर मोजके बोलणाऱ्या बाई आहेत. त्यांनी हात धुतले, मला आणि मामांना बोलावले आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“ही मऊ फळं खाते, बाटलीतून दूध पिते. पोटाचं आपण बघू शकतो. पण हिला कुणी तरी छातीशी धरायला हवं, इकडून तिकडे न्यायला हवं, मोठ्यांच्या तावडीतून वाचवायला हवं. ते आपण करू शकत नाही.”

“आपण केलं तर?” मी विचारले.

“तर ती माणूस होईल,” मामा म्हणाले. “म्हणजे ना माणूस, ना माकड. मी बघितलंय एक तसं. आरशाशी भांडायचं दिवसभर.”

शुक्रवारी दुपारी अनाथ पिल्ले माणसांच्या हातावर वाढवणाऱ्या संगोपन केंद्राची गाडी येणार होती. तोपर्यंत कळपातल्या एखाद्या मादीने कणीला उचलले तर ठीक, नाही तर ती गाडीतून जाणार. तिला थेट आवारात सोडणे शक्य नव्हते. आवार आणि आतले पिंजरे यांच्यामध्ये एक लहान खोली होती. तिला साखळीने ओढायचा सरकता दरवाजा होता. तिथे एका वेळी एकच मादी आत घ्यायची आणि जाळीबाहेरून बघायचे, असे ठरले.

“कुणाला घ्यायचं?” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले. “चार महिन्यांच्या नोंदी तुझ्याकडे आहेत.”

मी तिथेच उभ्या उभ्या उत्तर देऊ शकले असते, पण तरी वह्या आणल्या आणि बेरजा करून दाखवल्या. ठिपकीची सख्खी बहीण, म्हणजे कणीची मावशी, ठिपकीजवळ बसल्याच्या दोनशे सात नोंदी. तिचे केस निवडल्याच्या एकसष्ट. कणीला धरल्याच्या नऊ. तिला स्वतःचे सहा महिन्यांचे पिल्लू होते, म्हणजे अंगावर दूधही. माझ्या मते प्रश्नच नव्हता.

“आत्याला घ्या,” मामा म्हणाले.

मी वहीचे पान उलटून त्यांच्यापुढे धरले. आत्याच्या नावापुढे ‘ओ’ लिहिलेली चौदा वर्तुळे होती. ओ म्हणजे ओढणे. चौदा वेळा तिने दुसऱ्या मादीच्या कडेचे पिल्लू पाय धरून ओढले होते. या माकडांत हे गंभीर असते. मूल नसलेल्या माद्या कधी कधी पिल्लू ओढून नेतात आणि परत देत नाहीत, आणि पिल्लू आईच्या डोळ्यांसमोर उपाशी मरते. आत्याचे एकही पिल्लू जगले नव्हते.

“ती ओढत नाही गं,” मामा म्हणाले. “ती मागते.”

“पाय धरून?”

“आधी पुटपुटते. मग मागते.”

वहीत पुटपुटण्याला खूण नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, “मावशीपासून सुरुवात करू,” आणि मला आपण बरोबर होतो असे वाटले.

बुधवारी सकाळी मावशी मधल्या खोलीत आली. पोटाला तिचे पिल्लू लटकलेले. कणी कोपऱ्यात टॉवेलवर होती. मावशीला बघताच तिने ओठांचा चंबू करून बारीक, लांब हाक मारली. मावशीने जवळ जाऊन तिचे डोके हुंगले. मग मावशीने टॉवेलशेजारचा केळ्याचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि पाठ फिरवून दरवाज्याशी जाऊन बसली.

कणी तिच्यामागे सरपटत गेली आणि तिच्या पाठीवरच्या केसांना लोंबकळली. मावशीने मागे वळून भुवया वर केल्या, तोंड वासले आणि जमिनीवर तळहात आपटला. कणी खाली पडली. पुन्हा गेली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मावशीने तिचा हात चावला. रक्त आले नाही, पण मामांनी साखळी ओढून तिला बाहेर काढले.

“तिला तिचं एक आहे,” ते म्हणाले. मावशीवर त्यांचा राग दिसला नाही. “दोन घेऊन झाडावर चढता येत नाही.”

मी गुन्हेगारासारखी वही मिटली. दिवसभर कणी बाटलीतले दूध प्यायली आणि टॉवेलला धरून राहिली. एकदा तिने टॉवेलचे टोक दोन्ही हातांनी उकलून आत बघितले. आत काय असेल असे तिला वाटले, ते मला सांगता येणार नाही. तसे काही लिहायचे नाही, हेच आम्हाला शिकवलेले असते. पण मी ते लिहिले: ‘टॉवेल उकलून आत बघितले, सात सेकंद.’

गुरुवारी सकाळी मी मचाणावर निघाले तेव्हा मामा माकडांचे खाणे चिरायच्या आपल्या खोलीच्या दारात उभे होते.

“आज तिकडं नको. इथं बस.”

“नोंदी एकाच जागेवरून घ्यायच्या असतात, मामा. नाही तर तुलना होत नाही.”

“तुलना उद्या कर. उद्या दुपारी गाडी आहे.”

त्यांच्या खोलीला आवाराच्या बाजूने एक बुटकी, जाळीची खिडकी होती. तिच्यापुढे उलटी बादली ठेवून मी बसले. आणि पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आले की मला माकडांचे चेहरे दिसत आहेत.

सांगायला लाज वाटते, पण गोष्ट अशी होती. खाणे या खोलीतून येते, म्हणून माकडे बसताना तोंड इकडे करून बसतात. मचाण बरोबर उलट्या बाजूला आहे. तिथून आवार सगळे दिसते, एकही माकड सुटत नाही, सावलीही चांगली असते. फक्त दिसतात त्या पाठी. चार महिने मी एकतीस पाठींचा अभ्यास केला होता.

साधारण दहाच्या सुमारास आत्या टायरवरून उतरली. तीन आठवड्यांचे पिल्लू कडेला असलेल्या एका तरुण मादीपाशी गेली आणि दोन हात अंतरावर थांबली. नजर पिल्लाकडे नव्हती, जमिनीकडे होती. आणि तिचे ओठ हलू लागले. मिटायचे, उघडायचे, मिटायचे, भराभर, जवळजवळ आवाज न करता. कान मागे चपटे झालेले, भुवया ताणलेल्या. तरुण मादीने बघितले, मान वळवली. आत्या एक पाऊल पुढे आली आणि पुटपुटत राहिली. पुन्हा एक पाऊल. मग तरुण मादीचेही ओठ हलले, अगदी थोडे, घरातल्या माणसाने ‘बरं, बरं’ म्हणावे तसे. तेव्हा कुठे आत्याने हात लांबवून पिल्लाचा पाय धरला आणि त्याला आपल्याकडे घेतले.

मचाणावरून मला यातला फक्त शेवटचा भाग दिसला असता. ओ. वर्तुळ.

तिने पिल्लाला उलटे केले, सुलटे केले, त्याच्या कानात बघितले, तळपाय हुंगले. चार मिनिटांनी त्याची आई आली आणि घेऊन गेली. आत्याने दिले. कुरकुर केली, पण दिले.

मी ते मोबाइलवर चित्रित केले होते. वेग कमी करून ओठांची हालचाल मोजली. सेकंदाला पाच वेळा. मी दोनदा मोजले, कारण हा आकडा मी आधी वाचलेला होता. आपण बोलतो तेव्हा आपली अक्षरेही साधारण याच वेगाने येतात. आपला आणि या माकडांचा समाईक पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यालाही असेच ओठ हलवून ‘मी काही करणार नाही, जवळ येऊ दे’ असे सांगता येत असेल का, आणि त्यातूनच पुढे बोलणे आले का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मी तो वाद परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. पण बादलीवर बसून मला जे वाटले ते परीक्षेत लिहिण्यासारखे नव्हते. समोर एक बाई हातातले मूल मागत होती आणि दुसरी बाई द्यावे की नाही याचा विचार करत होती, आणि दोघी मिळून एका शब्दाशिवाय समजुतीने ते जमवत होत्या.

“तुम्हाला हे किती वर्षांपासून माहीत आहे?” मी मामांना विचारले.

“काय?”

“हे पुटपुटणं.”

“त्यात माहीत काय असायचंय? मी पण तसंच करतो.” आणि खिडकीशी येऊन त्यांनी ओठ भराभर हलवले. जवळच्या दगडावरचा एक दांडगा नर मान वर करून तसेच ओठ हलवू लागला. “हा कानफाट्या. आत्याचा भाऊ. ठिपकीच्या मागंमागं असायचा मागच्या वर्षी. म्हणून म्हणतो, आत्याच लागते ती कणीची.”

“रक्ताची तपासणी झाल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही.”

“नको म्हणूस. मी म्हणतो.”

मी वह्या काढल्या. चौदा वर्तुळे खोडायची नसतात. नोंद चुकीची नव्हती, अपुरी होती. प्रत्येक वर्तुळाशेजारी मी लिहिले: ‘चेहरा दिसत नव्हता.’ मग त्या वह्या घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी चित्रण दोनदा बघितले. “परवा तू मावशी म्हणालीस.”

“हो. चुकले.”

“आज आत्या म्हणतेस. एका सकाळच्या बघण्यावरून.”

“एका सकाळच्या आणि मामांच्या एकवीस वर्षांच्या.”

“आणि चावली तर? मावशी जोरात चावली नाही. हिचे सुळे बघितलेस?”

बघितले होते. कणी चावून मेली असती तर ते माझ्या सांगण्यावरून झाले असते, आणि गाडीतून गेली असती तर निदान जिवंत राहिली असती. हे मला त्या खोलीत उभे असताना नीट दिसत होते. वर्षभर, दोन वर्षे, कदाचित वीस वर्षे, आरशाशी भांडत.

“ती आधी पुटपुटेल,” मी म्हणाले. “पुटपुटली नाही, तर पहिल्या पावलालाच दरवाजा उघडून तिला बाहेर काढू. थांबायचं नाही.”

“साखळी कुणाच्या हातात?”

“मामांच्या.”

“आणि सांगणार कोण?”

“मी.”

गुरुवारी दुपारी तीन वाजता दरवाजा सरकला. आत्या उंबऱ्यात बसली. आत आलीच नाही. छताकडे बघितले, पाण्याच्या भांड्यात बोट बुडवले, कोपऱ्यातला पेरू उचलून हुंगला आणि खाली ठेवला. कणी टॉवेलवर आक्रसून बसली होती. काल तिच्या हाताला चावा बसला होता, त्यामुळे आज तिने हाक मारली नाही.

आत्या आत आली आणि तिने कणीकडे पाठ केली.

“काढायचं?” मामांनी हळूच विचारले.

मला चेहरा दिसत नव्हता. जाळीच्या या बाजूने मला पुन्हा पाठच दिसत होती. मी वाकले, मग सरळ जमिनीवर आडवी झाले आणि गाल फरशीला लावून जाळीच्या खालच्या फटीतून बघितले. डॉक्टर म्हणाल्या, “अगं, काय करतेस?”

आत्या खांद्यावरून मागे, पण कणीकडे न बघता, जमिनीकडे बघत ओठ हलवत होती.

“थांबा,” मी म्हणाले. “मागतेय.”

“कुणाकडे?” डॉक्टरांनी विचारले. “द्यायला इथं आई कुठंय?”

हे माझ्या मनात आले नव्हते. द्यायला कुणीच नव्हते. आत्या पिल्लाकडेच पिल्लू मागत होती. एक मिनिट झाले, दोन झाली. ती न थांबता पुटपुटत होती, मध्येच अर्धा हात मागे सरकत होती, पुन्हा थांबत होती. एवढ्या सुळ्यांच्या, एवढ्या ताकदीच्या प्राण्याने आठशे चाळीस ग्रॅमच्या जिवापुढे इतका वेळ परवानगी मागत बसावे, याचे मला आजही नवल वाटते. तिला घाई नव्हती. घाई आम्हाला होती.

पाचव्या मिनिटाला कणीचे ओठ हलले. नीट जमले नाही तिला. पाच महिन्यांच्या पिल्लाला ते अजून येत नसते, एकच ओठ हलला. पण हलला.

आत्या वळली आणि तिने कणीचा पाय धरून ओढले.

मामांच्या हातात साखळी ताठ झाली. मी फरशीवरून ओरडले, “नको!”, आणि कुणाला नको म्हणाले तेही मला कळले नाही. कणी किंचाळली. ती टॉवेलसकट फरफटत आत्याच्या मांडीत आली. आत्याने टॉवेल उपटून बाजूला फेकला, तिला उलटे केले, सुलटे केले, कानात बघितले, चावलेल्या हाताचा तळवा हुंगला. मग छातीशी लावले. कणीने चारी हातापायांनी केस धरले, आणि किंचाळणे असे थांबले, जणू कुणी नळ बंद केला.

मामांनी साखळी खिळ्याला अडकवली आणि बाहेर जाऊन नाक शिंकरले.

खरी अडचण शुक्रवारी आली. आत्याच्या अंगावर दूध नव्हते. कणीला दिवसातून पाच वेळा जाळीशी येऊन बाटलीतून प्यायचे होते, आणि आत्या तिला जाळीजवळ येऊ देईना. मामा बाटली धरून बसले की ती कणीला बगलेत मारून मागच्या भिंतीशी जायची. सकाळी सात वाजता नाही, नऊला नाही. साडेदहाला कणी आत्याच्या छातीला तोंड लावून रडू लागली. डॉक्टर घड्याळ बघत होत्या. बाराला गाडी होती.

“दूध गेलं नाही तर मला तिला काढावं लागेल,” त्या म्हणाल्या. “कितीही जमलेलं असलं तरी.”

“मामा,” मी म्हणाले, “तुम्ही बाटली सरळ पुढे करताय. मागा ना.”

त्यांनी माझ्याकडे बघितले. “वहीबाई शहाणी झाली,” असे म्हणून ते जाळीला कूस लावून, तोंड फिरवून बसले. बाटली मांडीवर. आणि फरशीकडे बघत ओठ हलवू लागले. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, अंगावर खाकी एप्रन, एका माकडिणीच्या ताब्यातले मूल मागत होता. डॉक्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणी हसले नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आत्या जाळीशी आली. तिने कणीला मागे धरले, जाळीतून बोट घालून बाटलीचे रबरी बोंड आपल्याकडे ओढले, हुंगले आणि तोंडात घातले. डोळे बारीक करून एक घोट प्यायली. मग दुसरा. मग जवळजवळ निम्मी बाटली. मामा हलले नाहीत. शेवटी तिने तोंड पुसले, कणीला पुढे सरकवले, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून, मामांकडे एकटक बघत, तिला पिऊ दिले.

“बाई,” मामा ओठ न हलवता म्हणाले, “यापुढं दूध दुप्पट कालवावं लागणार.”

“कालवा,” डॉक्टर म्हणाल्या, आणि गाडी परत पाठवायला फोनकडे गेल्या.